हातोडा काढून टाका, लॉकरचं रजिस्टर आणा

वाचकाचं पत्र:

‘वकीलताई, सप्रेम नमस्कार. मी इचलकरंजीच्या एका सहकारी बँकेत २९ वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कोर्टाच्या रहस्यकथा वाचायचा नाद जुना. आता स्वतःच एक लिहायला घेतली आहे, अकरा प्रकरणं झाली. नवरा सूतगिरणीवाला शेठ, बांधकामातही हात. एकूण ४०० कोटींची मालमत्ता, राहता बंगला कंपनीच्या नावावर. बायको ३८ वर्षांची, पहिल्या दिवसापासून धंद्यात त्याच्या बरोबरीनं राबलेली. तो घटस्फोट मागतो. ती भर पावसात एक बॅग घेऊन घर सोडते आणि निम्म्या मालमत्तेसाठी दावा लावते. शेवटी खच्चून भरलेलं कोर्ट, बाकांवर पत्रकार. ऐनवेळी नवऱ्याचा जुना मुनीम साक्षीला उभा राहतो, न्यायाधीश हातोडा आपटतात आणि २०० कोटी तिला देतात. माझा भाचा वकील आहे. त्यानं वाचलं आणि म्हणाला, “मावशी, यातलं एक पान कोर्टात टिकायचं नाही.” चोरून रेकॉर्ड केलेला फोन पुरावा म्हणून चालतो का, असं विचारलं तर हसलाच. तेव्हापासून वही उघडलेली नाही. पुढे लिहू की सोडून देऊ? नाव छापू नये ही विनंती.’

ताई, नमस्कार.

सोडू नका. भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, पण तो हसला ते चुकलं. ३१ वर्षं घटस्फोटाचीच कामं चालवून मी एवढं सांगू शकते की तुमची गोष्ट चांगली आहे, तुम्ही ती फक्त चुकीच्या खोलीत नेऊन बसवलीत. खोली बदलली की तीच माणसं नीट बोलायला लागतील.

आधी किरकोळ डागडुजी उरकू. हातोडा आपल्या कोर्टात नसतो. तो सिनेमावाल्यांनी आणला. गडबड झाली तर न्यायाधीश मान वर करून बघतात, फार तर शिपायाकडे नजर टाकतात, तेवढ्यानं शांत होतं. ‘मिलॉर्ड’ म्हणत कोणी ओरडत नाही. खालच्या कोर्टात आम्ही ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणतो. आणि बाकांवरचे पत्रकार तर पूर्णच काढा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही कामं बंद दाराआडच चालतात आणि त्यांतला मजकूर छापायला मनाई आहे. छापला तर दंड किती, माहीत आहे? १,००० रुपयांपर्यंत. १९५५ साली ती रक्कम मोठी होती. ४०० कोटींच्या गोष्टीत हा आकडा कुठेतरी नक्की येऊ द्या, वाचक हसेल.

कुटुंब न्यायालयाची खोली तुमच्या बँकेतल्या मॅनेजरच्या केबिनहून फार मोठी नसते. टेबलावर संगणक, बाजूला टायपिस्ट, फायलींचे गठ्ठे, पंख्याचा आवाज. बाहेर पॅसेजमध्ये पुकाऱ्याची वाट बघत दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे न बघता उभी. एखाद्या बाकावर कोणाचं तरी पोर बिस्किटाचा पुडा फोडत बसलेलं. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं तर वकील हा पक्षकाराचा हक्कच ठेवलेला नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, नाहीतर माझं घर चाललं नसतं. शिवाय पहिली गाठ न्यायाधीशांशी पडत नाही, समुपदेशकाशी पडते. तुमचा शेठ आणि त्याची बायको एका छोट्या टेबलाच्या दोन बाजूंना बसली आहेत आणि मधे एक शांत बाई विचारते आहे, ‘शेवटचं एकत्र जेवलात कधी?’ मला विचाराल तर पहिलं कोर्टाचं प्रकरण इथून सुरू व्हावं.

आता मोठी भेग. निम्मी मालमत्ता.

आपल्याकडचा वाचक इंग्रजी मालिका बघून बघून धरूनच चालतो की घटस्फोट झाला की बायकोला निम्मं. हिंदू विवाह कायद्यात असं काही नाही, ताई. नवऱ्यानं लग्नानंतर कमावलेलं नवऱ्याचं, बायकोच्या नावावरचं बायकोचं. कलम २७ खाली कोर्ट हात घालू शकतं ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांची मिळून असू शकेल अशा चीजवस्तूंना. बाकी उरते पोटगी: कलम २४ची तात्पुरती आणि कलम २५ची कायमची. ती ठरवताना नवऱ्याची ऐपत, बायकोची मिळकत, दोघांचं वागणं, संसार कोणत्या इतमामात चालला होता, हे सगळं बघतात, पण कोर्ट तराजू घेऊन बसत नाही. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. बाई दुसरी पत्नी. पहिलीला सुमारे ५०० कोटी मिळाले होते, मलाही त्याच मापानं द्या, असं तिचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, पोटगीचा कायदा हा नवऱ्याच्या श्रीमंतीशी बरोबरी साधायचं साधन नव्हे, आणि सगळं मिळून १२ कोटी दिले. १२ कोटी ही रक्कम लहान नाही. पण ‘निम्मं’ या शब्दाची हवा तिथे गेली.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रकरणातले २०० कोटी गेले. यातून बाहेर पडायला दोन वाटा दिसतात.

एक वाट बांद्याच्या पलीकडे जाते. गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत आजही लागू आहे, आणि मूळ गोवेकर हिंदूंनाही तीच लागते, हिंदू विवाह कायदा नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, काही अपवाद सोडून, दोघांची मालमत्ता एका ढिगात आणि त्यातली निम्मी तिची. लग्नाआधीचीसुद्धा! घर किंवा जमीन विकायची तर जोडीदाराची सही लागते. आयकर खात्यानंही हे मान्य केलेलं. १९६१च्या कायद्यात त्यासाठी खास कलम ५अ घातलं, पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरून कर लावायचा. आणि लग्नाआधीचा करार एकदा केला की लग्नानंतर त्यात बदल करता येत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा काय हवं? शेठनं मालमत्ता वेगळी ठेवल्याचा करार दाखवला, तिची सहीही खरी, सगळे गार. मग कोणीतरी करारावरची तारीख लग्नाच्या नोंदणीशी ताडून बघतो आणि करार चार दिवसांनी नंतरचा निघतो. गेला करार. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही, वारसाहक्कापुरता, हाच कायदा लावला, त्यामुळे मुंबईतल्या फ्लॅटवरून वकिलांना भांडायला जागाही शिल्लक राहते.

वाट मोहाची आहे, पण तुम्ही घेऊ नये असं मला वाटतं. तुमच्या पहिल्या अकरा प्रकरणांत सूत आहे, यंत्रमागाचा खडखडाट आहे, शनिवारच्या हप्त्याची घाई आहे असणार. ते सोडून मडगावचा खाणवाला कुठे उभा करता? तो तुम्हाला पेलणार नाही असं नाही, पण त्याचा वास तुम्हाला माहीत नाही.

दुसरी वाट तुमच्या टेबलावरून गेलेली आहे, अक्षरशः. तुम्हीच लिहिलंय की ती धंद्यात बरोबरीनं राबली. मग अशा घरांत काय होतं, ते तुम्ही २९ वर्षं बघितलंय. बायको संचालक असते. तिच्या नावावर शेअर असतात, कारण कधीतरी सीएनं सांगितलेलं असतं, ‘वहिनींच्या नावावर थोडे टाकू.’ आणि कर्जाच्या कागदांवर हमीदार म्हणून तिच्या सह्या असतात. चहा घेऊन येते, पदराला हात पुसते, पेन्सिलनं फुली मारलेल्या प्रत्येक जागी सही करते आणि पुन्हा आत जाते. तुम्हीच त्या फुल्या मारल्या असतील.

तिच्या नावावर २६ टक्के शेअर द्या. हा आकडा मी उगाच नाही सांगत. कंपनीत विशेष ठराव मंजूर व्हायला ७५ टक्के मतं लागतात. २६ टक्के ज्याच्या हातात, तो असा ठराव अडवू शकतो. इतकी वर्षं जेवायला वाढणारी बाई एका सकाळी ‘नाही’ म्हणू शकते. आता शेठ काय करेल? कंपनीला पैसे हवेत म्हणून नवे शेअर काढेल, ज्याचे जेवढे शेअर त्या प्रमाणात आधी त्यालाच देऊ करेल, अगदी कायद्यानं. देऊ केल्याचं पत्र पाठवेल. कुठे? बंगल्याच्या पत्त्यावर. जिथून ती पावसात एक बॅग घेऊन बाहेर पडली.

बघा, तुमचा पाऊस वाया गेला नाही. (एरवी मी त्या पावसावर उखडणार होते. मारहाणीची भीती नसेल तर आमच्यापैकी कोणीही बाईला उंबरठा ओलांड म्हणत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला सामायिक घरात राहायचा हक्क दिलाय, आणि घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो असू शकतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलंय. पण नायिका चुकली नाही तर कादंबरी कशी होणार.)

पत्र तिला मिळत नाही, मुदत टळते, तिच्या वाटचे शेअर दिराच्या नावावर जातात. २६चे ९ टक्के होतात. तिला हे कसं कळतं? इथे गुप्तहेर आणू नका. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणत्याही कंपनीचे दाखल केलेले कागद कोणालाही बघता येतात. माहेरच्या खोलीत, रात्री साडेअकराला, भाचीच्या लॅपटॉपवर ती १०० रुपये भरते. शेअरवाटपाचा फॉर्म उघडतो. स्वतःचं नाव शोधते, पुढचा आकडा वाचते, चष्मा पुसून परत वाचते. हे प्रकरण मला वाचायला पाठवा.

आता अन्याय आणि गैरकारभाराविरुद्ध कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जायचं तर साधारण १० टक्के शेअर हातात लागतात, नाहीतर एकूण भागधारकांपैकी एक दशांश माणसं बरोबर लागतात. शेठनं बेतून ९ ठेवलेत आणि कंपनीत भागधारक वीस-पंचवीस करून ठेवलेत. न्यायाधिकरण ही अट माफ करू शकतं, म्हणजे आधी दारात उभं राहायचा हक्क मिळवण्यासाठीच एक लढाई. आणि तिथलं कामकाज बंद दाराआड नसतं. पत्रकार इतके आवडत असतील तर त्यांना तिकडे बसवा.

हमीचं विसरू नका. ‘घटस्फोट झाला, मी सुटले’ असं तिला वाटतं आणि मग तिच्या नावानं बँकेची नोटीस येते. वैयक्तिक हमी घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानं संपत नाही, हे बँकेतल्या शिपायालाही माहीत असतं, पण सही करणाऱ्या निम्म्या बायकांना नसतं. पुढच्या व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते; आधी उचललेल्या कर्जाची जबाबदारी मात्र तशीच राहते. शेठ जर मुद्दाम हप्ते थकवू लागला, तर बुडणाऱ्या गिरणीखाली कोण येतं? हा प्रश्न तुमच्याइतका नेमका कोणताही कादंबरीकार मांडू शकणार नाही.

बंगला कंपनीच्या नावावर आहे, याबद्दल एक परदेशी किस्सा. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रेस्ट विरुद्ध पेट्रोडेल हे प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेलाच्या व्यापारातला नवरा, बायकोला ठरले १ कोटी ७५ लाख पौंड. नवरा म्हणतो, माझ्याकडे काही नाही, सात घरं आहेत ती कंपन्यांची. न्यायालयानं कंपनी हा वेगळा माणूस असल्याचं तत्त्व मोडलं नाही. फक्त कागद तपासले आणि म्हटलं, घरांचे पैसे मुळात यानंच दिले, कंपन्या नुसत्या त्याच्या वतीनं ती धरून बसल्यात, तेव्हा घरं बायकोकडे द्या. तिथला कायदा वेगळा, त्यामुळे निकाल उचलून इचलकरंजीत आणू नका. प्रश्न मात्र उचला: बंगल्याचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले?

आता कोर्टातल्या खऱ्या शस्त्राकडे येते. नोव्हेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ठरवून दिलं की पोटगीच्या कामात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचं. मुदत ठेवी, विमा, दागिने, गाड्या, शेअर, सगळं. त्यात एक रकाना फार गोड आहे: जोडीदाराच्या मिळकतीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? वीस वर्षं गप्प बसलेली बाई तो रकाना भरायला घेते आणि पुरवण्या जोडत जाते. खोटं लिहिणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. सगळे लपवतात, अर्थात. पण लपवताना माणूस कुठेतरी खरं लिहून बसतो.

माझ्याच एका कामात नवऱ्यानं महिन्याचं उत्पन्न ४५ हजार दाखवलं होतं. खर्चाचं पान बहुधा त्याच्या कारकुनानं भरलं असावं, कारण त्यात ड्रायव्हरचा पगार २२ हजार आणि दोन कुत्र्यांचा खर्च १८ हजार असं इमानदारीत लिहिलेलं. उलटतपासाला मी उभी राहिले. आपल्याकडे प्रश्न-उत्तर जसंच्या तसं सहसा लिहीत नाहीत. साक्षीदार उत्तर देतो आणि न्यायाधीश त्याचं एक सलग वाक्य करून टायपिस्टला सांगतात. त्या दिवशीचं अजून पाठ आहे. ‘हे खरे आहे की, माझ्या ड्रायव्हरचा पगार रुपये २२,००० आहे. हे खरे आहे की, माझ्या दोन कुत्र्यांवर दरमहा रुपये १८,००० खर्च होतात. हे खरे आहे की, उरलेल्या रुपये ५,००० मध्ये मी माझा व आईचा घरखर्च भागवतो. हे म्हणणे खरे नाही की, मी माझे खरे उत्पन्न लपवून ठेवले आहे.’ शेवटच्या वाक्याला टायपिस्ट मुलीची बोटं थांबली. तिनं मान वर करून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा टाईप करू लागली. बस, एवढंच नाट्य. कोणी आवाज चढवला नाही. पॅसेजमध्ये त्याच्या वकिलानं मला विचारलं, ‘ताई, बसून मिटवायचं का?’

तुमच्या मुनिमाचं मात्र काहीतरी करायला हवं. ऐनवेळी उगवणारा साक्षीदार आमच्याकडे जवळजवळ अशक्य. वादाचे मुद्दे ठरले की साक्षीदारांची यादी द्यावी लागते, आणि सरतपास (आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष) सहसा तोंडी नसतो, शपथपत्रावर येतो, म्हणजे समोरच्याला आधीच वाचायला मिळतो. तेव्हा उलटं करा. मुनिमाचं नाव यादीत आठ महिने आधीपासून आहे. शेठला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, मुनिमालाही. ४० वर्षांच्या कीर्द-खतावण्या त्याच्या डोक्यात. साक्षीचं समन्स निघतं, बेलिफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, जाऊन येतो आणि अहवाल देतो, ‘सदर इसम दिले पत्त्यावर मिळून आला नाही.’ दुसरं समन्स. ‘शेजारी विचारता गावी गेल्याचे समजले.’ तिसरं. वाचक आता फक्त बेलिफाच्या अहवालाची वाट बघतोय. एवढा ताण तुम्हाला दरवाजा ढकलून आत येणाऱ्या म्हाताऱ्यातून मिळायचा नाही.

आणि घड्याळ. प्रत्येक रहस्यकथेला एक टिकटिकणारं घड्याळ लागतं. तुम्ही ते बहुधा पुढच्या तारखेला बांधलं असेल. तारखेला बांधू नका, ती पुढे जाते. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यात लिहिलेलं आहे. ‘शक्यतो’ या शब्दात माझे केस पांढरे झाले.

घड्याळ लॉकरमध्ये आहे. नायिकेचं स्त्रीधन, आईनं दिलेली मोहनमाळ, तोडे, पाटल्या, नवरा-बायकोच्या जोड लॉकरमध्ये. दोघांपैकी कोणीही उघडू शकतो. तिनं घर सोडल्यावर चौथ्या दिवशी शेठ जाऊन तो रिकामा करतो. कोर्टात म्हणतो, ती जातानाच सगळं घेऊन गेली. स्त्रीधन तिचंच आणि नवरा फार तर त्याचा सांभाळ करणारा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगितलंय, पण कोणी नेलं हे सिद्ध कोण करणार? तर, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१च्या सूचना १ जानेवारी २०२२पासून लागू झाल्या, सहकारी बँकांनाही. लॉकर उघडला की ग्राहकाच्या नोंदलेल्या मोबाईलवर त्याच दिवशी संदेश गेला पाहिजे. स्ट्राँगरूममध्ये कोण गेलं, कोण बाहेर आलं, याचं सीसीटीव्ही चित्रण किमान १८० दिवस जपलं पाहिजे. आणि ग्राहकानं आपल्या नकळत लॉकर उघडल्याची तक्रार केली, तर प्रकरण मिटेपर्यंत ते पुसता येत नाही.

१८० दिवस, ताई. त्यानंतर बँकेनं चित्रण पुसलं तर नियमानं कोणी काही म्हणू शकत नाही. नोंदलेला मोबाईल अर्थातच शेठचा. नायिकेला लॉकर रिकामा झाल्याचं कळतं १७१व्या दिवशी. मधे रविवार, दुसरा शनिवार आणि एखादा सण घाला. शाखेत एक हेडकॅशियर बाई ठेवा, निवृत्तीला सहा महिने राहिलेली. तिला शेठच्या ठेवीही माहीत आहेत आणि लॉकरच्या रजिस्टरमधली ती सहीसुद्धा, वेळेसकट: आत ११.४०, बाहेर १२.०५. तिनं काही सांगितलं तर ग्राहकाची गुप्तता मोडते. काही न सांगता ती फक्त एवढंच म्हणू शकते, ‘वहिनी, काही तक्रार असेल तर लेखी द्या. आजच द्या. पोच घ्या.’ ही बाई तुमच्या पत्रात कुठेही दिसली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. तिला तुम्ही अजिबात ओळखत नाही असं सांगू नका.

शेवटाबद्दल. निकालावर संपवायचीच असेल तर संपवा. त्यावर अपील उच्च न्यायालयात जाईल आणि त्यासाठी तुमच्याकडच्या माणसांना आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसतंय. पण एवढ्या पैशाची कामं बहुतेक वेळा निकालापर्यंत जातच नाहीत. कोणीतरी ‘बसून मिटवायचं का’ म्हणतं. परस्पर संमतीचा अर्ज होतो, कलम १३ब. दोघं किमान एक वर्ष वेगळी राहिलेली हवीत. पहिली तारीख, मग सहा महिन्यांची वाट. ती कोर्ट माफ करू शकतं असं २०१७मध्ये ठरलं. अटींचा कागद वीस पानी होतो. आणि हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून नवऱ्याचा हुशार वकील सगळे पैसे आधी सोडत नाही आणि बायकोचा हुशार वकील सगळी कामं आधी काढूनही घेत नाही. एनसीएलटीतला अर्ज कोणत्या दिवशी मागे घ्यायचा, हमीतून सोडल्याचं बँकेचं पत्र आधी की डिमांड ड्राफ्ट आधी, दागिने कोणत्या टेबलावर मोजायचे, यावर मी रात्री दोनपर्यंत फोनवर भांडलेली आहे. दुसऱ्या तारखेला अकरा वाजता पुकारा होतो. ती आली आहे, मांडीवर पर्स, पर्समध्ये पाकीट. शेठ अजून आलेला नाही. शिपाई दुसऱ्यांदा पुकारतो. इथे तुमचा हातोडा हवा कशाला?

जमलं तर एक दिवस कोल्हापूरच्या कुटुंब न्यायालयाच्या पॅसेजमध्ये जाऊन बसा. आत सोडणार नाहीत आणि कोणाच्या तोंडाकडे टक लावून बघू नका, माणसं आधीच सोललेली असतात. चपला बघा. तारखेला येताना कोण नवी घालतं आणि कोण घरातलीच घालून येतं, ते मी अजून बघते.

राहिला फोन. भाच्याला सांगा, जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलाय: नवरा-बायकोच्या वादात एकानं दुसऱ्याचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं. खरं-खोटं आणि संबंध कोर्ट तपासेलच. पण ते पेनड्राइव्हवर घालून टेबलावर आपटलं की झालं, असं नाही. मूळ फोन जपावा लागतो, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग: अ भाग देणाऱ्यानं भरायचा, फाईलच्या हॅश आकड्यासकट (हा त्या फाईलचा डिजिटल ठसा), आणि ब भाग दुसऱ्या कोणीतरी. तो दुसरा कोण, हे भाच्याला न बघता सांगता आलं तर त्याला माझा नमस्कार सांगा. नाही आलं, तर पुढची अकरा प्रकरणं टाईप करून द्यायचं काम त्याच्याकडे.